तहसीलदार आणि माझी अनासक्ती

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख. उपवासकाळ सुरू. दर वर्षी मी चहा सोडते आणि दुसऱ्या आठवड्यात परत धरते, म्हणून यंदा चहाच्या वाटेला गेलेच नाही. यंदा दोन मोठ्या गोष्टी सोडल्या. राग आणि आसक्ती. आसक्ती मला मुळातच नाही, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. रागही तसा नाही. आवाज मोठा आहे, पण तो वसईचा आहे.

तिघींच्या या घराची मी सुपीरियर, तेव्हा उदाहरण मीच घालून द्यायला हवं. सिस्टर लुईझा ऐंशीला टेकल्या, त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे उदाहरण उरतं ते सिस्टर चारुलतासाठी. ती सगळ्यात लहान, हॉस्टेलच्या मुली तिच्याकडे. काल सुट्टीवरून परत आली. नवापूरकडच्या घरून येताना टोपलीत कोंबडा घेऊन आली. नवापूर म्हणजे पोल्ट्र्यांचं गाव, म्हणून मला वाटलं, त्यातला पांढरा, गरीब ब्रॉयलर असेल. निघाला गावठी. तांबडा, लांब तंगड्यांचा, नजर खुनशी. मुलींनी लगेच नाव ठेवलं तहसीलदार. अंगणात छाती काढून फिरतो आणि कोणाचं ऐकत नाही म्हणून.

संध्याकाळी त्याने माझ्या नडगीवर चोच मारली. मी चप्पल फेकली. राग नव्हता. चप्पल हातात होती.

७ मार्च

आज पुन्हा. दवाखाना बंद करून येत होते, मागून पोटरीवर उडी. साडी फाटली, रक्त आलं. मी नर्स आहे, रक्ताला घाबरत नाही, पण हे माझं होतं. तो लुईझांच्या पायांवरून चालत जातो, त्यांना काही करत नाही. स्वयंपाकघरातली फुलीबाई त्याला पायाने बाजूला सारते, तरी गप्प. फक्त माझ्याच मागे. मी आले की घराच्या पलीकडून पळत येतो.

रात्रीच्या जेवणानंतर चारुलता माझ्या गुडघ्यांना मोहाच्या बियांचं तेल चोळते. मी कधी मागितलं नाही. तीच बाटली आणते, चोळता चोळता दिवसभराचं सांगते, कोणती मुलगी रडली, कोणाची आई आली होती. आज उशिरा आली. आधी कोंबड्याला हातावरून ज्वारी चारत बसली होती. मी म्हटलं, आज नको. ती बरं म्हणाली आणि गेली! माणसाने एकदा तरी आग्रह करावा. मला काही फरक पडत नाही. दार जरा जोरात लागलं आणि बिजागरी निखळली. लाकूड जुनं आहे.

१० मार्च

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दिवेलागणीला चारुलता त्याला मांडीवर घेते, चारते आणि मग त्याच्या डोक्याला तोंड लावून काहीतरी कुजबुजते. फुलीबाई म्हणाली, रोज सांगते, कानात. कोंबड्याला कान असतो हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणजे पूर्वी जे मला सांगायची ते आता त्याला. मी नको म्हटल्यापासून तेलाची बाटलीही आलेली नाही.

नोव्हिशिएटमध्ये, व्रतांआधीच्या उमेदवारीत, आम्हाला शिकवलं होतं, खास मैत्री म्हणजे कॉन्व्हेंटला लागलेली वाळवी. माणसाशी नको, मग कोंबड्याशी चालते? तिच्या आत्म्याची काळजी वाटते. फक्त तेवढंच वाटतं.

आज बटाटे मी चिरले. फुलीबाईने विचारलं, बाय, किसायचे होते का?

१२ मार्च

मदर प्रोव्हिन्शियलचा फोन, बदल्या त्यांच्याच हातात. गडचिरोलीकडे नवीन मिशन उघडतंय, मे महिन्यात तरुण सिस्टर हवी. चारुलता कशी आहे म्हणाल्या. माझ्या हातात काचेचा ग्लास होता. आता नाही.

पण डोकं शांत ठेवलं. सांगितलं, मुलगी गुणी आहे, पण तिचा जीव कोंबड्यात अडकलाय. इतकी आसक्ती घेऊन नव्या मिशनवर गेली तर काय उपयोग? राहू द्या माझ्या हाताखाली, मी सोडवते. मदर म्हणाल्या, ठीक आहे, ती आसक्ती सुटली की कळवा, तोपर्यंत थांबू.

एक अक्षर खोटं बोलले नाही. जोवर कोंबडा तोवर चारुलता इथे. हे मी कम्युनिटीच्या हितासाठी केलं. शिवाय तीन मेला माझ्या व्रतांना पंचवीस वर्षं होतात, घरात माणसं असलेली बरी. कोणाच्या लक्षात नाही. माझ्याही नाही.

तहसीलदाराला स्वतः जाऊन मूठभर तांदूळ टाकले. त्याने करंगळी फोडली.

१४ मार्च, धुळवड

काल डोंगरभर होळ्या पेटल्या, ढोल पहाटेपर्यंत. सकाळपासून दवाखान्यात फुटलेली डोकी. डोंगरसिंगने सख्ख्या भावाच्या, वाहरूच्या टाळूवर काठी घातली आणि मग त्यालाच खांद्यावर टाकून टेकडी उतरून आला. दोघेही रक्ताने माखलेले, कोणाचं कोणतं कळेना. मी टाके घालायला बसले तर हा मारणारा त्या मार खाणाऱ्याचा हात धरून रडतोय.

मी डोंगरसिंगला विचारलं, लाज नाही वाटत, एवढा राग? तो म्हणाला, "राग आला ते मारलं, बाय. राग गेला ते आणलं. दुसरा भाऊ कुठून आणू?" काय ही शिस्त! मी दोघांना रागावर ताबा कसा ठेवायचा ते समजावलं. वाहरू मध्ये कण्हला म्हणून त्याला एक लगावली. डोंगरसिंग हसला, त्यालाही एक. टाके सुंदर आले.

घरी येते तो फाटकावर तहसीलदार. हातात सलाईनचा स्टँड होता. त्याच्या तीन पिसांवर निभावलं. माझा मात्र घोटा मुरगळला.

२६ मार्च

आज महिन्याचा मौनदिवस. बोधपर विचार मीच मांडले. विषय, अनासक्ती. लोटच्या बायकोची गोष्ट सांगितली. देवाने सांगितलं होतं वळून बघू नको, तिने बघितलं, मिठाचा खांब झाली. म्हटलं, आपल्या सिस्टरांचा नियमही हाच. बदली झाली, गाडीत बसलं, की वळून बघायचं नाही. मी आजवर एकाही घराकडे वळून बघितलेलं नाही.

लुईझा झोपल्या होत्या. चारुलताने विचारलं, मागे आपलं माणूस असलं तरी? मी म्हटलं, आपलं माणूस असतं म्हणूनच तर नियम. तिने मान हलवली. बहुतेक कोंबड्याला लागू करत असावी. पोर हुशार आहे, एकदा सांगितलं की धरून ठेवते.

मौन संपलं आणि ती थेट खुराड्याकडे गेली. मी मौन आणखी तासभर चालू ठेवलं. तिच्याशी.

६ एप्रिल

हबीब औषधांची खोकी घेऊन आला. हा धडगाव-शहादा जीप चालवतो, आमचं सामान तोच आणतो. तो उतरतोय तेवढ्यात तहसीलदार माझ्या अंगावर आला. मी हातातला झारा फेकला. तो चुकवून उडाला, झारा चॅपलच्या खिडकीत. काच खळकन. मग मी कुदळीचा दांडा घेतला, तो टाकीवर चढला, मी टाकीला दांडा हाणला, नळ तुटला. अंगणात कारंजं. हबीब खोकं डोक्यावर धरून उभा. म्हणाला, "सिस्टर, हाऊ कोंबडा शे का गुंडा शे? आन् तुम्हनाच मांगे का बरं लागस?" मला काय ठाऊक!

चारुलता आली, त्याला उचललं, छातीशी धरलं, पिसं नीट केली. त्याची! मी भिजून उभी होते. मला टॉवेल फुलीबाईने दिला.

आज रागाचा एकही प्रसंग नाही. उन्हाचा त्रास.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मिरवणूक. फादर पुढे, मागे मुली, हातात खजुरीच्या फांद्या, होसान्ना. मी शेवटी, गंभीर. तहसीलदार कुंपणावरून थेट माझ्या डोक्यावर. नखं टाळूत रुतली. पुढचं मला नीट आठवत नाही. लुईझा सांगतात की मी झावळीने त्याला बडवत फादरना ओलांडून पुढे गेले, आणि मुलींना वाटलं यंदा असंच करायचं असतं, म्हणून त्यांनीही एकमेकींना बडवलं. फादरांचा चष्मा गेला.

चारुलता हसत होती. तोंडावर पदर धरून, पण हसत होती. या घरात माझ्या रक्तापेक्षा कोंबड्याच्या पिसाला किंमत आहे. दुःख नाही. नोंद करून ठेवते.

१७ एप्रिल, आज्ञा गुरुवार

आज सुपीरियरने सिस्टरांचे पाय धुवायचे. ही माझी आवडती प्रथा, कारण नम्रतेत मला कोणी हरवू शकत नाही. लुईझांचे धुतले. मग चारुलताचे. टाचा फाटलेल्या, मुलींमागे अनवाणी पळते ना. मी कोमट पाणी घेतलं होतं, साबणही जरा चांगला. तिने विचारलं, सिस्टर, गुडघे दुखत असतील, उठता का? इतक्या दिवसांनी तिने गुडघ्यांचं नाव काढलं. सगळा राग विरघळला, म्हणजे असता तर विरघळला असता. एक पाय पुसला, दुसरा हातात घेतला.

बाहेर कुत्रं भुंकलं आणि तहसीलदार कोकलला. तिने माझ्या हातातून पाय ओढून घेतला, तस्त लवंडलं, आणि ती ओल्या पायाने पळाली. प्रार्थना चालू असताना. मी गुडघ्यांवर, हातात टॉवेल, मांडीवर पाणी. लुईझा म्हणाल्या, झालं का?

हो, झालं. आता झालंच.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज हिंसा वर्ज्य. फक्त कोयत्याला धार लावली.

शांतपणे विचार केला. तिच्या मुक्तीसाठी कोंबडा जायलाच हवा. मदरना काही कळवायची गरज नाही. कोंबडा मेला म्हणून आसक्ती लगेच मरते थोडीच? उलट शोक सुरू होईल. पोर खचेल, जेवणार नाही. अशा अवस्थेत तिला गडचिरोलीला कोण पाठवील? वर्षभर तरी मलाच सांभाळावं लागेल. संध्याकाळी जवळ बसवीन, बोलतं करीन. तेलबिल आपोआप सुरू होईल. योजनेत कुठे खोट सापडत नाही.

१९ एप्रिल, पवित्र शनिवार

चारुलता मुलींना घेऊन ओढ्यावर. फुलीबाई बाजारात. वेळ साधली. मान धरली, डोळे मिटले, कोयता मारला. डोळे मिटायला नको होते. निम्मी मान त्याची, निम्मा अंगठा माझा.

तो सुटला. लोंबत्या मानेने अंगणभर धावला. मी मागे कोयता घेऊन, हातातून धार. तो चॅपलमध्ये शिरला. वेदीवर ईस्टरचं पांढरं कापड, तीन दिवस खपून इस्त्री केलेलं. त्याने सगळीकडे रक्त उडवलं, कापडावर, फुलांवर, फादरांच्या पांढऱ्या झग्यावर. मी एक घाव घातला तो लाकडी वाचनपीठात रुतला. दुसरा गालिच्यात. लुईझा पाठमोऱ्या फुलं लावत होत्या, त्यांनी मागे न बघता मला कात्री मागितली. शेवटी तो मोठ्या मेणबत्तीच्या पायाशी पडला. पडताना मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दारात चारुलता. मी तयार होते. ती कोसळली की धरायचं, शब्द ठरवून ठेवले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्या अंगठ्याकडे. एवढंच म्हणाली, "घाई केलीत, सिस्टर." आधी माझा हात घट्ट बांधला. मग त्याला उचलून नेलं, गरम पाण्यात बुडवून स्वतः पिसं काढली.

शोकाने सुन्न झाली आहे. उद्या बांध फुटेल.

२० एप्रिल, ईस्टर

फुटला नाही.

रस्सा चारुलतानेच केला. काळा, तिखट, त्यांच्याकडचा. काळीज वेगळं काढून आधी माझ्या ताटात वाढलं. मी वाट बघत बसले, आता रडेल, आता उठून जाईल. तिने भाकरी कुस्करली आणि जेवली. मग परत वाढून घेतलं. हाडं चोखली! म्हणाली, अजून थोडा वाढला असता तर बरं झालं असतं. मला घास गिळेना. अंगठा ठणकत होता म्हणून.

दुपारी मदर प्रोव्हिन्शियलचा ईस्टरचा फोन. माझा हात बांधलेला, फोन लुईझांनी घेतला. त्या ऐकत काही नाहीत, फक्त बोलतात, आणि घाटापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. "हॅपी ईस्टर, मदर! कोंबडा खाल्ला! हो, तोच! चारुलताने दोनदा घेतला!"

मी फोन हिसकावला. तो भिंतीवर आपटला, पण उशीर झाला होता.

२३ एप्रिल

बदली. चारुलता, गडचिरोली. दोन मेला निघायचं. मदर म्हणाल्या, अभिनंदन, सिस्टर क्लेमेन्स, इतक्या लवकर तिला सोडवलंत, तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे. मी म्हटलं, शोक आत दबलाय, बाहेरून दिसत नाही, वर्षभर तरी द्या. म्हणाल्या, दोनदा वाढून घेतलं ना?

चारुलताला सांगितलं. ती म्हणाली, देवाची इच्छा. मग म्हणाली, पण तीन तारखेपर्यंत राहिले असते तर. मी विचारलं, तीनला काय आहे? ती म्हणाली, काही नाही. मीही म्हटलं, काही नाही.

लाकडं फोडायला घेतली. एका हाताने. खूप फोडली, पावसाळा निघेल. फुलीबाई म्हणाली, बाय, ते बाक होतं.

२ मे

सकाळी हबीबची जीप आली. एक ट्रंक, एक पिशवी. मुली रडत होत्या, लुईझा रडत होत्या, फुलीबाई भिंतीकडे तोंड करून उभी. मी हॉर्नच्या आवाजाबद्दल हबीबला चार शब्द सुनावले. चारुलताने माझे गुडघे शिवून नमस्कार केला. पाय नाही, गुडघे. म्हणाली, तेल लावत जा, सिस्टर. मी म्हटलं, उशीर होतोय.

जीप सुटली. मी फाटकात उभी राहिले, सुपीरियर म्हणून राहावं लागतं. वळणापर्यंत दिसते. तिने वळून बघितलं नाही. पुढच्या वळणावर झाडांमधून पुन्हा दिसते, तिथेही नाही. मी शिकवलेलं इतकं तंतोतंत आजवर कोणीच पाळलेलं नाही.

शिक्षिका म्हणून समाधान वाटायला हवं. मी फाटक हलवून हलवून उपटलं.

३ मे

व्रतांना पंचवीस वर्षं. सकाळी जाग उशिरा आली, आरवलं कोणी नाही. मिस्सा आज नव्हती, फादर धडगावला. जेवायला खिचडी.

हबीब पाण्याच्या नळाचं सामान घेऊन आला. सहज विचारलं, काल सिस्टर रस्त्यात काही बोलल्या का? म्हणाला, "कसान्या बोलतीन! बठताच झोपी ग्यात. शहादापावत डोळा उघडा नही त्यासनी." दमली असेल. मुलींचं आवरून दमली असेल.

फुलीबाई खिचडी वाढताना पुटपुटली, आज कोंबडा पाहिजे होता. मी ओरडले, त्याचं नाव काढू नको. ती म्हणाली, "कसं नाही काढू? तुमच्याच नावाचा होता ना, बाय." मी चमचा ठेवला. मग तिने सांगितलं. चारुलताच्या घरी रीत आहे, आपल्या माणसाचा मोठा दिवस असला की त्याच्या नावाने कोंबडा सोडतात. हातावरून चारतात, कुत्र्यामांजरापासून जपतात, दुसऱ्या कोणाला कापू देत नाहीत. त्या दिवशी कापतात आणि काळीज त्या माणसाला वाढतात. चारुलताने आजच्या दिवसासाठी आणला होता. मला सांगायचं नव्हतं, सांगितलं तर मोडतं. फुलीबाईलाही तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं.

मी विचारलं, कानात काय सांगायची रोज?

"नाव. तुमचं. रोज सांगावं लागते, नाहीतर कोंबड्याला कसं समजेल कोणासाठी मोठं व्हायचं? म्हणून तर तुमच्याच मागं पळायचा."

मी उठले. अंगणात गेले आणि खुराड्याला लाथ घातली, सगळा जोर लावून. रिकामं होतं, उलटंपालटं होत कुंपणापर्यंत गेलं. मी तिथेच बसून रडले. मोठ्याने. लुईझांनाही ऐकू आलं म्हणे.

पायाचा अंगठा सुजलाय, गुडघाही. तेलाची बाटली सगळीकडे शोधली. ती कुठे ठेवायची ते फक्त चारुलताला माहीत.